डायलिसिसच्या खुर्चीतच मनावर उपचार? 'बोलण्याची थेरपी' नेमकी काय असते

किडनी निकामी झालेल्या रुग्णाचं हिमोडायलिसिस आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी साधारण चार तास चालतं. जवळ सोय नसली आणि चंदगडसारख्या तालुक्यातून कोल्हापूर गाठावं लागलं, तर प्रवासासकट अख्खा दिवस जातो. शेती, दुकान, नोकरी, लग्नकार्य सगळं या वेळापत्रकाभोवती फिरू लागतं. महात्मा फुले जनआरोग्य योजना आणि २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झालेला राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम यांमुळे अनेकांचा मशीनचा खर्च हलका झाला. मनाची चौकशी मात्र क्वचितच होते.

जगभरातल्या अभ्यासांचा एक आढावा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार मुलाखत घेऊन निदान केलं तर डायलिसिसवरच्या साधारण पाचातल्या एका रुग्णाला नैराश्य आढळतं. प्रश्नावली भरून घेतली तर हेच प्रमाण ४० टक्क्यांच्या जवळ जातं. एवढा फरक का? थकवा, भूक मरणं, झोप उडणं ही लक्षणं नैराश्याची आहेत, तशी किडनीच्या आजाराचीही. त्यामुळे कधी नैराश्य आजारातच खपून जातं, कधी साध्या अशक्तपणाला नैराश्य म्हटलं जातं.

गप्पा नव्हेत

या उपचारातला सर्वाधिक अभ्यासलेला प्रकार म्हणजे सीबीटी, अर्थात विचार आणि वागणं यांवर काम करणारी थेरपी. 'धीर धरा, सगळं ठीक होईल' असा सल्ला यात नसतो. 'मी घरच्यांवर ओझं झालोय' हा विचार केव्हा येतो, त्यानंतर माणूस काय करतो, काय करायचं सोडून देतो, हे रुग्ण आणि थेरपिस्ट मिळून तपासतात. मग छोटी कामं ठरतात. डायलिसिस नसलेल्या दिवशी तालमीच्या कट्ट्यावर अर्धा तास बसून येणं, हेसुद्धा त्यातलंच.

पाण्याचं बंधन हा वेगळाच जाच. पातळ पदार्थही त्या हिशोबात धरावे लागतात, म्हणजे कोल्हापुरात तांबडा-पांढरा रस्साही मोजूनच! बंधन मोडलं की अपराधी वाटतं, आणि 'आता काय उपयोग' म्हणत ते आणखी मोडतं. सीबीटी नेमकं हे चक्र पकडते. न्यूयॉर्कमधल्या एका अभ्यासात (२०१४) डायलिसिस सुरू असतानाच, खुर्चीशेजारी बसून ही थेरपी दिली गेली. रुग्णांचं नैराश्य कमी झालंच, शिवाय पाण्याचं पथ्यही सुधारलं.

गोळी की बोलणं?

अमेरिकेतल्या 'असेंड' चाचणीत (२०१९) १२० डायलिसिस रुग्णांची दोन गटांत विभागणी झाली. एका गटाला खुर्चीतच सीबीटी, दुसऱ्याला सर्ट्रालिन ही गोळी. १२ आठवड्यांनी गोळीच्या गटात नैराश्य थोडं अधिक कमी झालेलं दिसलं, पण दुष्परिणामही त्याच गटात जास्त होते. म्हणजे थेरपीने गोळीवर मात केली, असं म्हणता येणार नाही. आधीच मूठभर गोळ्या घेणाऱ्याला आणखी एक नको असेल, तर मात्र हा खराखुरा पर्याय आहे. सुरू असलेली गोळी मनाने बंद करणं धोक्याचं.

अडचण मनुष्यबळाची आहे. इतके मानसोपचारतज्ज्ञ आणायचे कुठून? याचं एक उत्तर शेजारच्या गोव्यात मिळतं. 'संगत' या संस्थेच्या कामातून तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत नैराश्यावर उपचार केले. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ३९ टक्के. ते डायलिसिसचे रुग्ण नव्हते, हे खरं. तरीही चार तास एकाच जागी असलेल्या माणसापर्यंत असा समुपदेशक पोहोचवणं, त्याला वेगळ्या दिवशी पुन्हा बोलावण्यापेक्षा नक्कीच सोपं आहे. खाटा एकमेकींना लागून असतात, त्यामुळे खासगीपणासाठी निदान पडदा तरी हवा.

कोल्हापुरात कुठे विचारायचं?

पहिला प्रश्न डायलिसिस युनिटच्या डॉक्टरांनाच विचारावा. रक्त कमी होणं किंवा डायलिसिस अपुरं पडणं यानेही गळून गेल्यासारखं वाटतं, ते आधी तपासलं जातं. सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय हे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं आहे, तिथे मानसोपचार विभागाकडे चिठ्ठी मागता येते. प्रवास शक्य नसेल तर १४४१६ हा 'टेलि-मानस'चा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

रुग्ण डायलिसिस चुकवू लागला, 'आता बंदच करूया' म्हणू लागला किंवा मरणाबद्दल बोलू लागला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं आणि त्याला एकटं सोडू नये.