गवत खाणाऱ्या पोटात हाडांचा भुगा

गाय गवत खाते, हे पोराटोरांनाही ठाऊक आहे. तरी ब्रिटनमध्ये कित्येक वर्षं गायींना गायींच्याच मांसा-हाडांचा भुगा चारला जात होता. हा इतिहास पशुपालकांनी वाचलाच पाहिजे.

गायीच्या पोटाचे चार कप्पे. कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरं पोट. चारा आधी कोटीपोटात जातो. तिथले सूक्ष्मजीव तो आंबवतात, गाय तो परत तोंडात आणून रवंथ करते. नंतर ते सूक्ष्मजीवही पुढे जाऊन पचतात आणि त्यांचंच प्रथिन तिला मिळतं. वाळल्या कडब्यातून दूध निघतं ते असं.

मग मांस कशाला? जास्त दुधाच्या गायीला एवढं प्रथिन पुरत नाही. सोयाबीन बाहेरून आणायचं तर महाग. कत्तलखान्यातला टाकाऊ माल स्वस्त. तो शिजवायचा, चरबी काढायची, दळायचा आणि खाद्यात मिसळायचा. कागदावर हिशोब चोख होता.

नोव्हेंबर 1986 मध्ये तिथल्या सरकारी प्रयोगशाळेने नवा रोग ओळखला. गायी थरथरायच्या, झोकांड्या खायच्या, कोसळायच्या. मेंदूची स्पंजासारखी चाळण झालेली. कारण होतं प्रिऑन, म्हणजे बिघडलेलं प्रथिन. ते नुसतं शिजवून नष्ट होत नाही. एका गायीचा रोग खाद्यातून हजारो गायींपर्यंत पोचला.

जुलै 1988 मध्ये रवंथ करणाऱ्या जनावरांना हा भुगा घालायला बंदी आली. पण डुकरा-कोंबड्यांच्या खाद्यात तो चालूच राहिला आणि दोन्ही खाद्यं बऱ्याचदा एकाच कारखान्यात बनत. बंदीनंतर जन्मलेल्या 40 हजारांहून जास्त गायींना रोग झाला.

सरकार मात्र सगळं सुरक्षित असल्याचं सांगत होतं. मे 1990 मध्ये कृषिमंत्री जॉन गमर यांनी कॅमेऱ्यांसमोर चार वर्षांच्या मुलीला बीफ बर्गर देऊ केला. 20 मार्च 1996 ला आरोग्यमंत्री स्टीफन डॉरेल यांना संसदेत सांगावं लागलं, की तरुणांना झालेल्या मेंदूच्या नव्या आजाराचा या रोगाशी संबंध असण्याची दाट शक्यता आहे. ब्रिटनमध्ये त्या आजाराने 178 माणसं गेली. 1 लाख 80 हजारांवर गायींना रोग झाला आणि 40 लाखांवर जनावरं मारावी लागली.

आपल्या देशात हा रोग आढळलेला नाही. आपल्याकडे सरकी, शेंगदाणा, सोयाबीनची पेंड आहे, हे आपलं नशीब. मग आज हे का लिहितोय? पेंडीचे भाव वाढले की मला फोन येतात. भाव सगळे विचारतात, पोत्यात काय आहे ते कुणी विचारत नाही. ब्रिटनमधल्या बऱ्याच शेतकऱ्यांनाही आपण काय चारतोय याचा पत्ता नव्हता.

पोत्यावर प्रथिनाचा टक्का छापलेला असतो. ते प्रथिन कशातून आलं, हे दुकानदाराला विचारा. उत्तर काय मिळतं ते मला जरूर कळवा.