बरं वाटतंय, मग गोळी कशाला?

"आता त्रास थांबला, मग गोळी कशाला चालू ठेवायची?" हा प्रश्न बीपीच्या गोळीबद्दल निघतो, थायरॉईडच्या गोळीबद्दल निघतो. आज आम्ही तो आतड्याच्या एका आजाराबद्दल घेतला आहे. त्याचं उत्तर कुणी आणि कसं शोधलं, ती हकिगत ऐकण्यासारखी आहे.

आजाराचं नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याला आतून सूज येते, जखमा होतात, आव-रक्त पडतं, दिवसातून आठ-आठ, दहा-दहा वेळा जावं लागतं. याचाच एक भाऊबंद आहे, क्रोन्स नावाचा. दोन्ही आजार मुळापासून जात नाहीत. काही महिने दबतात, पुन्हा डोकं वर काढतात. आपल्याकडे रक्त दिसलं की घरचे मूळव्याध म्हणून मोकळे होतात. बाई तर बोलतच नाही. कापसाच्या खुरपणीत तासाभरात चार वेळा उठायचं कसं, म्हणून ती जेवण कमी करते, पाणीही कमी पिते. हा शहरातल्या लोकांचा आजार, असंही कुणी म्हणतं. ते खरं नाही. पंजाबात लुधियानाच्या डॉक्टरांनी घरोघरी जाऊन सुमारे 52 हजार माणसांची विचारपूस केली आणि 2003 साली निष्कर्ष छापले. त्यात 23 जणांना हा आजार निघाला. म्हणजे लाखामागे 44.

आता औषधाकडे येऊ. स्वीडन देशात नाना स्वार्त्झ नावाच्या डॉक्टरीण होत्या. नावावर जाऊ नका, बाईच होत्या. 1937 साली त्या तिथल्या वैद्यकाच्या प्राध्यापक झाल्या. त्या देशाच्या सरकारी विद्यापीठात प्राध्यापकपद मिळवणारी ती पहिली स्त्री. त्यांना सांधेदुखीवर औषध हवं होतं. त्यासाठी दोन औषधं जोडून एक नवं औषध तयार झालं, सल्फासालाझिन. सांध्यांसाठी काढलेल्या या औषधाने आतड्याच्या रुग्णांचं रक्त थांबतं, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि 1942 साली त्यांनी ते जाहीर केलं. आज ही गोळी सांधेदुखीलाही देतात, आतड्यालाही.

पण एखाद्या डॉक्टरला गुण दिसला म्हणजे तो औषधाचाच, असं म्हणता येत नाही. हा आजार आपोआपही दबतो. मग गोळीने दबला की आपोआप, हे कसं कळणार? त्यासाठी चाचणी लागते. रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करायचे. एकाला खरी गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली. कुणाला कोणती मिळाली हे रुग्णालाही सांगायचं नाही. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डचे डॉक्टर ट्रूलव्ह आणि विट्स यांनी अशी चाचणी 210 रुग्णांवर केली आणि 1955 साली तिचा अहवाल दिला. औषध होतं कॉर्टिझोन, म्हणजे स्टेरॉईड. भडकलेला आजार त्याने आटोक्यात आला, मरणंही कमी झाली.

इथवर सगळं आजारी माणसांचं झालं. आपला प्रश्न बऱ्या झालेल्या माणसाचा आहे, आणि तो लंडनच्या डॉक्टरांनी 1965 साली हाती घेतला. आजार दबलेल्या 67 रुग्णांत काहींना सल्फासालाझिन दिलं, काहींना बिनऔषधाची गोळी, वर्षभर. खरी गोळी घेणाऱ्यांत दहातले साधारण सात जण वर्षभर बरे राहिले. दुसऱ्या गटात चारातल्या जेमतेम एकाला ते जमलं. त्याच डॉक्टरांनी त्याच वेळी दुसरी चाचणीही छापली, ती स्टेरॉईडची. दबलेला आजार दबलेलाच राहावा म्हणून रोज थोडं स्टेरॉईड दिलं तर? उपयोग काहीच झाला नाही, बिनऔषधाच्या गोळीइतकाच.

सख्यांनो, या दुसऱ्या चाचणीवर आम्ही मुद्दाम थांबतो. लवकर गुण येतो म्हणून स्टेरॉईडची गोळी आपल्याकडे भलती लाडकी आहे. जुनी चिठ्ठी दाखवून पुन्हा पुन्हा आणली जाते. तोंड सुजतं, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि आजार परत येणं मात्र थांबत नाही. हे साठ वर्षांपूर्वीच सिद्ध झालं आहे. मात्र सुरू असलेली स्टेरॉईडची गोळी एकदम तोडायची नसते. डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू उतरवायची असते.

मग पुढचा प्रश्न आला. गोळी घेत वर्षभर ठणठणीत राहिलेल्यांनी तरी ती सोडावी का? 1973 साली ऑक्सफर्डला डॉ. दिसानायके आणि ट्रूलव्ह यांनी अशाच 64 जणांत हे पाहिलं. सहा महिन्यांत गोळी बंद झालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांचा आजार उलटला. गोळी चालू असलेल्यांत आठातल्या एकाचा. आम्हाला वाटतं, आपल्या प्रश्नाचं उत्तर त्या बिनऔषधाच्या गटाने दिलं. चांगली तब्येत असताना त्या माणसांनी ती पणाला लावली, आणि त्यांची नावं कुठे छापलेली नाहीत.

त्याच ऑक्सफर्डला बांगलादेशचे डॉ. आझाद खान शिकत होते. जोडलेल्या दोन औषधांपैकी नेमकं काम कोणतं करतं, हे त्यांनी 1977 साली दाखवलं. त्या अर्ध्या भागाचं आजचं नाव मेसालामाइन. पुढे 1980 साली त्यांनी सल्फासालाझिनची मात्राही तपासली. रोज 1 ग्रॅमपेक्षा 2 ग्रॅमने आजार कमी उलटला. 4 ग्रॅमने आणखी कमी, पण त्रास वाढला. म्हणून दोनावर आले.

एक गोष्ट घरच्या माणसांनाही ऐकवा. पुरुष सल्फासालाझिन घेत असेल तर त्याचे शुक्राणू कमी होऊ शकतात. हे 1979 पासून माहीत आहे. गोळी बदलली की दोन-तीन महिन्यांत सहसा पूर्ववत होतं. मूल होत नाही म्हणून सुनेला बोल लावण्याआधी मुलाच्या गोळ्यांचं पाकीट बघावं. बाईला मात्र दिवस गेले म्हणून ही गोळी सोडायची गरज सहसा नसते, सोबत फॉलिक ॲसिड लागतं. सोडली आणि आजार भडकला, तर त्याचाच पोटातल्या बाळाला धोका जास्त.

चाचण्या आपल्या देशातही होतात. लुधियानात आजार दबलेल्या 61 जणांवर एक झाली, 2019 साली छापली. निरोगी माणसाची विष्ठा शुद्ध करून दर आठ आठवड्यांनी आतड्यात सोडली. नाक मुरडू नका, त्यातले चांगले जंतू हवे होते. 31 पैकी 27 जण बरे राहिले, नुसतं पाणी दिल्यासारख्या दुसऱ्या गटात 30 पैकी 20. फरक दिसतो, पण एवढ्या थोड्या माणसांत तो योगायोगही असू शकतो, हे त्या डॉक्टरांच्या आकड्यांतूनच दिसतं.

उद्या परभणीहून नांदेडला, संभाजीनगरला किंवा हैदराबादला उपचाराला गेल्यावर कुणी तुम्हाला चाचणीत येता का विचारलं, तर घाबरू नका आणि घाईने अंगठाही देऊ नका. 2009 पासून आपल्या देशात अशी चाचणी सरकारी नोंदवहीत आधी नोंदवावी लागते. नवीन औषधांच्या चाचण्यांसाठी 2019 चे नियम आहेत. माहितीचा कागद तुम्हाला समजणाऱ्या भाषेत हवा. वाचता येत नसेल तर तो वाचून दाखवताना कुणाचीही बाजू न घेणारा, निःपक्षपाती साक्षीदार हवा. सहीची एक प्रत तुमच्या हातात हवी. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार त्यांनी करायचे. मधूनच नको वाटलं तर बाहेर पडता येतं, आणि तेवढ्यासाठी तुमचे नेहमीचे उपचार कुणी थांबवू शकत नाही.