अणुकचऱ्याच्या वाटेला जाताना

अणुऊर्जेचे धोके वाचायला घेणारा बहुधा चेर्नोबिलपासून सुरुवात करतो. या विषयात नव्याने येणाऱ्यांना माझा सल्ला वेगळा आहे: न्यू मेक्सिकोतल्या एका पिंपापासून सुरुवात करा.

कार्ल्सबाडजवळ मिठाच्या थरात, साडेसहाशे मीटर खोल, अमेरिका अण्वस्त्रनिर्मितीतला प्लुटोनियमयुक्त कचरा ठेवते. १४ फेब्रुवारी २०१४ च्या रात्री तिथले एक पिंप आतून तापून फुटले आणि काही किरणोत्सारी कण वरच्या हवेत आले. पिंपातल्या नायट्रेट क्षारांचा ओलावा शोषायला पाळीव मांजरांच्या शौचपात्रातली भुकटी वापरत. ती मातीची हवी होती. सूचनापत्रात मात्र ‘सेंद्रिय’ असे लिहिले गेले आणि गव्हाची भुकटी पडली. नायट्रेटला जाळायला आणखी काय हवे! मिठाच्या थराने दगा दिला नव्हता, दगा दिला तो कागदाने. केंद्र जवळजवळ तीन वर्षे बंद राहिले.

जर्मनीत आसे इथल्या जुन्या खाणीत १९६७ ते १९७८ दरम्यान अणुकचऱ्याची सुमारे सव्वा लाख पिंपे उतरवली, काही तर नुसती ढकलून दिली. १९८८ पासून तिथे पाणी झिरपते आहे. आता तीच पिंपे वर काढायचे काम कायद्यानेच अंगावर आले आहे.

म्हणून या क्षेत्रात भूशास्त्रज्ञ आणि रसायनशास्त्रज्ञ हवेतच, पण दप्तर सांभाळणारेही हवेत. दप्तर कुठवर पुरेल, हे कचऱ्यात काय आहे त्यावर ठरते. सीझियम-१३७ चे अर्धायुष्य ३० वर्षे. त्याचा जोर ओसरायला तीनेकशे वर्षे पुरतात. पेशवे दप्तर जवळपास तेवढे टिकले आहे, तेव्हा हे माणसाच्या आवाक्यातले म्हणू. प्लुटोनियम-२३९ चे अर्धायुष्य सुमारे २४,००० वर्षे आहे. तिथे दप्तराची मात्रा चालत नाही, खडकावरच भिस्त ठेवावी लागते.

आता भारताकडे वळू. तारापूरच्या पहिल्या अणुभट्ट्या १९६९ पासूनच्या. आपल्या धोरणात वापरलेले इंधन कचरा मानत नाहीत. पुनर्प्रक्रियेनंतर उरलेला अतितीव्र द्रव काचेत बंदिस्त करून साठवतात. खोल भूगर्भातले कायमचे भांडार आपल्याकडे नाही आणि त्याची इतक्यात निकड नाही, अशी सरकारी भूमिका आहे. मला ती पटत नाही, कारण नुसती जागा ठरवायलाच खूप वर्षे जातात. फिनलंडने अशा भांडारासाठी जागेचा शोध १९८३ मध्ये सुरू केला. ओल्किलुओतो बेटाला संसदेची मान्यता मिळायला २००१ उजाडले. आपल्याकडची जागा निवडणारी माणसे आज बहुधा महाविद्यालयात असतील. ही पाने त्यांच्यासाठी आहेत.