‘नॉर्मल’ : सुताराच्या गुण्यापासून लॅबच्या रिपोर्टपर्यंत

आज आपण एका इंग्रजी विशेषणाचा इतिहास पाहू. ते इंग्रजी आहे हे आपण जवळजवळ विसरलोच आहोत. इथे पेणकरपाड्यात कुठल्याही लॅबच्या दारात उभे राहा, ‘रिपोर्ट नॉर्मल आला’ हे अगदी मराठी म्हणून कानावर येतं. बीपी नॉर्मल, बाळंतपण नॉर्मल. आणि शेजारच्या एखाद्या मुलाबद्दल दबक्या आवाजात, ‘तो नॉर्मल नाही हो!’

मूळ शब्द लॅटिन ‘नॉर्मा’, म्हणजे सुताराचा गुण्या. ‘नॉर्मालिस’ म्हणजे गुण्याला धरून काटकोनात बसवलेलं. इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकात भूमितीत दिसतो. गणितात आजही ‘नॉर्मल’ म्हणजे अभिलंब. आता गुण्या काय करतो? चौकट कशी आहे हे दाखवतो, आणि ती कशी असायला हवी हेही सांगतो. ही दोन कामं आपण वेगळी ठेवू.

१७९४ साली क्रांतीनंतरच्या फ्रान्सने शिक्षक घडवण्यासाठी ‘एकोल नॉर्माल’ काढली. इथे अर्थ ‘आदर्श घालून देणारी’ शाळा. तेच नाव ‘नॉर्मल स्कूल’ म्हणून आपल्याकडे आलं. सावित्रीबाई फुले पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिकल्या, असं त्यांचे चरित्रकार सांगतात.

एकोणिसाव्या शतकात शब्द डॉक्टरांच्या हाती गेला. ब्रूसे यांच्या मते रोग म्हणजे निरोगी अवस्थेतलाच कमी-जास्तपणा. ऑगस्त काँत यांनी हा विचार समाजाला लावला. १८३५मध्ये बेल्जियमच्या केतले यांनी आकडेवारीतून ‘सरासरी माणूस’ उभा केला. इथून ‘असायला हवं तसं’ आणि ‘बहुतेकांचं असतं तसं’ हे दोन अर्थ एकाच शब्दात नांदू लागले.

तत्त्वज्ञानात आपण ह्यूमपासून शिकतो की ‘आहे’वरून थेट ‘असावं’ निघत नाही. ‘नॉर्मल’ ही उडी गुपचूप मारून मोकळा होतो. कांगियेम यांनी १९४३च्या वैद्यकीय प्रबंधात याच गोंधळावर बोट ठेवलं. लॅबचंच पाहा ना. रिपोर्टवरची मर्यादा साधारणपणे निरोगी माणसांपैकी मधल्या ९५ टक्क्यांवरून ठरते. म्हणजे १००तले ५ जण धडधाकट असूनही त्या रेघेबाहेर पडतात.

सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात मुलींना शिकवायला घेतलं, तेव्हा बाईने शाळेत शिकवणं हे बहुतेकांच्या लेखी नॉर्मल नव्हतं. अंगावर शेण-चिखल झेलून त्यांनी शिकवलं. बहुतेकांचा रिवाज एकीकडे होता, योग्य ते दुसरीकडे.

म्हणून एखाद्या पोराला ‘नॉर्मल नाही’ म्हणताना आपण स्वतःला विचारू या : तो बहुतेकांसारखा नाही, एवढंच म्हणायचंय, की त्याच्यात काही खोट आहे असं? पहिलं मोजता येतं. दुसरं म्हणायचं, तर कारण द्यावं लागेल.