जुन्या छोट्या डेस्कटॉपवर पैसे घालायचे तर आधी कशावर?

तालुक्याच्या बाजारात सेकंड हँड मिळणारे छोटे डेस्कटॉप आज अनेक झेरॉक्स सेंटर, सोसायट्या आणि घरांत चालतात. डेलचा २०१२ सालचा ऑप्टिप्लेक्स ७०१० हा त्यातलाच एक. असा संगणक रखडायला लागला की दुकानदार प्रोसेसरपासून ग्राफिक्स कार्डापर्यंत काहीही सुचवतो. बहुतेक वेळा गरज असते ती एकाच गोष्टीची, एसएसडीची.

खात्री घरीच करता येते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. काही न करताही 'डिस्क' १०० टक्क्यांवर अडकून राहत असेल, तर दोष बहुधा जुन्या हार्ड डिस्कचा. फिरणारी डिस्क सेकंदाला साधारण १०० ते १५० एमबी वाचते, साधी साटा एसएसडी ५०० च्या आसपास. त्यातही बारीकसारीक शेकडो फाइल एकदम उघडताना फरक कितीतरी मोठा पडतो. ७०१० ला अडीच इंची साटा एसएसडीच घ्यावी. च्युइंगगमच्या पट्टीसारखी दिसणारी एम डॉट टू बसवायला त्यात जागाच नाही.

जुनी डिस्क मात्र दुकानात सोडून येऊ नये. त्यात गिऱ्हाइकांचे आधार, सातबारा, पासबुकाचे स्कॅन असतात.

दुसरा नंबर रॅमचा. ४ जीबी असेल तर ८ करावी. टायपिंग, फॉर्म, ब्राउझर एवढ्याला ती पुरते. ७०१० ला डीडीआर३ लागते, डीडीआर४ त्या खाचेत बसतच नाही. पुस्तकाएवढ्या 'टायनी' किंवा 'मायक्रो' मॉडेलना लॅपटॉपची रॅम लागते, म्हणून जुनी पट्टी खिशात घालूनच दुकानात जावं. आणि विंडोज ३२ बिट असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम वायाच जाते.

प्रोसेसर बदलण्यात अर्थ कमी. ७०१० मध्ये इंटेलची दुसरी-तिसरी पिढीच चालते, चौथीचा सॉकेट वेगळा. ग्राफिक्स कार्डाचं त्याहून अवघड. या छोट्या डब्यात अर्ध्या उंचीचंच कार्ड मावतं आणि पॉवर सप्लाय जेमतेम २४० वॅटचा. अनेक कंपन्यांच्या छोट्या मॉडेलमध्ये पॉवर सप्लायही त्यांचाच खास असतो, बाजारातला साधा बसत नाही. त्यापेक्षा ते पैसे यूपीएसला लावलेले बरे. तारीख-वेळ रोज मागे जात असेल तर सीआर२०३२ हा बटण सेल बदलावा, काम काही रुपयांत होतं.

खर्च करण्याआधी एक मुद्दा मात्र बघायलाच हवा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते. आय५-३४७० मधला ३ म्हणजे तिसरी पिढी, आय५-८५०० मधला ८ म्हणजे आठवी. जुन्यावर जुगाड करून ११ टाकून देणारे भेटतात, पण पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. लिनक्स मिंट फुकट आहे आणि एसएसडीवर छान पळतं. मात्र अंगठ्याचं मशीन किंवा डिजिटल सहीचा डोंगल वापरणाऱ्यांनी तो त्यावर चालतो का, हे आधी बघावं. पैशांच्या व्यवहाराचं काम रोजचं असेल, तर तिसऱ्या पिढीवर खर्च न करता आठव्या पिढीचा सेकंड हँड डबा शोधणं जास्त फायद्याचं.