सांगड, जंकार आणि जंगलजेटी

दाभोळच्या धक्क्यावर पहाटे कॅमेरे अडकवून जमणाऱ्या मंडळींना वाशिष्ठीपार धोपाव्याला जायचे, तर गाड्यांसकट माणसे नेणारी फेरीबोट धरावी लागते. तिचे रूढ नाव जंगलजेटी. भरतीच्या खाऱ्या पाण्यात हे जंगल आले कुठून? केरळात वाहने नेणाऱ्या अशाच बोटीला ‘जंकार’ म्हणतात. परक्या जंकाराला कोकणातल्या जिभेने ओळखीचे रूप दिले असावे.

जंकारामागे मल्याळम ‘चंगाडम्’ उभा दिसतो: ओंडके किंवा होड्या एकत्र बांधून केलेला तराफा. हाच शब्द पोर्तुगीजांनी ‘जंगादा’ म्हणून उचलला आणि पार ब्राझीलला पोहोचवला. तिथल्या ईशान्य किनाऱ्यावरचे कोळी आपल्या शिडाच्या तराफ्याला आजही जंगादाच म्हणतात. खुद्द चंगाडम्‌चे मूळ संस्कृत ‘संघाट’, म्हणजे जोडणी, त्यातही लाकडाची.

आता हा संघाट मराठीत शोधू. दोन स्वरांमधला ट आपल्याकडे ड होतो. वटाचा वड झाला, घोटकाचा घोडा. घकारातला हकार गळला, पहिले अक्षर दीर्घ होऊन दुसरे आखडले, की हाती येते सांगड! ‘विज्ञानाची आणि अध्यात्माची सांगड’ घालणाऱ्या अग्रलेखांनी तिच्यातले पाणी पार आटवले आहे. मोल्सवर्थच्या कोशात मात्र ती अजून तरंगते: दोन होड्या एकमेकींना बांधून केलेले तरते साधन, असा तिचा अर्थ तिथे आहे. मला हा अर्थ फार प्रिय आहे, कारण त्यात बांधण्याचे कारणही कळते. एकटी होडी डुलते, जोडी स्थिर राहते आणि जास्त ओझे पेलते.

नात्यातला आणखी एक शब्द बराच जुना दिसतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात भारताच्या पूर्व किनाऱ्यावरच्या, ओंडके जोडून केलेल्या मोठ्या नावांना ‘संगर’ म्हटले आहे. तो संघाटाच्याच गोतावळ्यातला असावा.

कॅमेऱ्याचे मूळही जाता जाता पाहू. लॅटिन ‘कामेरा’ म्हणजे कमानदार छताची खोली. ‘कामेरा ऑब्स्क्युरा’ या अंधाऱ्या खोलीवरून यंत्राला नाव मिळाले. त्याच मूळच्या पोर्तुगीज ‘कामरा’वरून हिंदीत ‘कमरा’ आला. म्हणजे जंगादा नेणाऱ्यांनीच कमराही आणला.

गाळात कलंडलेल्या जुन्या होडीचे छायाचित्र घेताना नजर बहुधा उडालेल्या रंगावर जाते. तिच्या कुशीकडे पाहावे. दोन आडव्या काठ्यांच्या टोकाला समांतर बांधलेले लांबट लाकूड असेल, तर ती उलांडी. उलंडणे म्हणजे कलथून पडणे. होडी उलंडू नये म्हणून उलांडी, असे नाते असावे. तारणाऱ्या वस्तूला संकटाचेच नाव मिळाले, हे मोठे विलक्षण. काठ्या दोरीने आवळून ते लाकूड होडीशी जोडतात, ती मात्र जुन्या अर्थाने सांगडच.