सवाई मानसिंग रुग्णालयातले दान

साठचे दशक सरत आले होते. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात रुग्णांना हस्तकला शिकवणारे रामचंद्र शर्मा सायकलवरून निघाले होते. वाटेत चाक पंक्चर झाले. ज्या दुकानात ते थांबले, तिथे ट्रकच्या झिजलेल्या टायरवर नवे रबर चढवण्याचे काम चालू होते. रबर साच्यात घालून तापवले, की ते चिवट होऊन बाहेर येते, हे शर्मांनी पाहिले आणि त्यांच्या डोक्यात पायाचा साचा आला. ते रुग्णालयात जाऊन तिथले अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोदकरण सेठींशी बोलले. मग पाय गमावलेल्या एका रुग्णाला आणि पावलाच्या साच्याला घेऊन ते पुन्हा त्याच दुकानात आले. दुकानदाराने रबराचे पाऊल करून दिले. हे कशासाठी चालले आहे ते कळल्यावर त्याने पैसे घेतले नाहीत.

‘जयपूर फूट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कृत्रिम पावलाच्या इतिहासातले पहिले दान त्या दुकानदाराचे. त्यानंतरचे दान रुग्णालयात काम करणाऱ्या माणसांचे आहे.

सरकारी नोकरांचे दान म्हटले, की पूर किंवा भूकंप आल्यावर कापून दिलेला एक दिवसाचा पगार डोळ्यांपुढे येतो. त्याचे मोल आहेच. पण १९४७ साली सुरू झालेल्या जयपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या या सरकारी रुग्णालयात डॉक्टर आणि कारागिरांनी आपले कसब दिले, आणि त्याची मालकी स्वतःकडे ठेवली नाही.

त्या काळी कृत्रिम पाय मिळत नव्हता असे नाही. पुण्यात सैन्यदलाचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून होते. पाश्चात्त्य बनावटीची पावलेही होती. पण ती घडवली होती खुर्चीवर बसणाऱ्या आणि दिवसभर बूट घालणाऱ्या माणसासाठी. घोटा ताठ, आणि पाऊल बुटाशिवाय वापरता येत नाही. राजस्थानातला शेतकरी अनवाणी शेतात उतरतो, बांधावर उकिडवा बसतो, जेवायला मांडी घालतो, देवळात आणि स्वयंपाकघरात जाताना पायताण बाहेर काढून ठेवतो. कोकणातल्या भातखाचरात उभ्या राहणाऱ्या माणसाचीही हीच अडचण. पाश्चात्त्य बनावटीचा पाय मिळालेले रुग्ण तो बाजूला ठेवून पुन्हा कुबड्या घेत. डॉ. सेठींना हे आपल्याच रुग्णांकडून कळले.

उत्तर शोधायला शर्मांसारखा माणूस हवा होता. कारागीर घराण्यात जन्मलेले, शाळा चौथीपर्यंत, पण हातात विलक्षण कला. सगळे त्यांना ‘मास्टरजी’ म्हणत. सेठींकडे शरीरशास्त्र होते आणि एडिंबरोची एफआरसीएस पदवी होती. त्यांच्याबरोबर डॉ. एस. सी. कासलीवाल आणि डॉ. महेश उदावत होते. नुसत्या रबराचे पहिले पाऊल टिकले नाही. मग निरनिराळ्या द्रव्यांची जुळणी सुरू झाली. घोट्याच्या जागी लाकडाचा ठोकळा, टाच आणि चवड्याला हलके स्पंज रबर, सगळ्यावर टायरमध्ये वापरतात तसल्या दोऱ्याचे वेष्टन, आणि वरून कातडीच्या रंगाचे रबर. हे सारे साच्यात बंद करून तापवायचे. तयार झालेले पाऊल सगळ्या बाजूंना वळत होते, पाण्यात चालत होते आणि त्याला बूट लागत नव्हता. वरची नळी आधी अॅल्युमिनियमच्या पत्र्याची असे, पुढे शेतीच्या पाइपांसारख्या प्लास्टिकची आली.

या पावलाचे पेटंट त्यांनी घेतले नाही. म्हणून कोणत्याही गावातल्या कारागिराला ते शिकून बनवता आले. १९९७ साली ‘टाइम’ साप्ताहिकाने यावर लेख छापला, तेव्हा किंमत २८ डॉलर सांगितली होती. पाश्चात्त्य देशांत कृत्रिम पायाला हजारो डॉलर मोजावे लागत. लँडमाइनने पाय गमावलेल्या अफगाणिस्तान आणि कंबोडियातल्या लोकांपर्यंत हे पाऊल पोचू शकले, ते या स्वस्ताईमुळे आणि मोकळेपणामुळे.

तरीही पहिल्या सात वर्षांत जेमतेम पन्नासएक लोकांनाच पाय बसले होते. वस्तू तयार होती, ती लोकांच्या हाती पोचवणारी यंत्रणा नव्हती.

ती उभी केली एका रुग्णाने. सनदी अधिकारी देवेंद्रराज मेहता यांना १९६९ मध्ये पोखरणजवळ अपघात झाला आणि पाय कापावा लागतो की काय अशी वेळ आली. पाय वाचला, पण ज्यांचे पाय वाचत नाहीत त्यांचे पुढे काय होते, हा प्रश्न त्यांना सोडीना. महावीरांच्या २५०० व्या निर्वाणवर्षात, १९७५ साली, त्यांनी जयपूरला ‘भगवान महावीर विकलांग सहायता समिती’ स्थापन केली. काम रुग्णालयाच्या आवारातच सुरू झाले. पाय मोफत, येणाऱ्याची राहण्या-जेवणाची सोय मोफत, आणि आधी वेळ ठरवून येण्याची अट नाही. रुग्णालयाच्या माणसांनी दिलेल्या कौशल्याला आता देणगीदारांचे पैसे मिळाले. कृत्रिम पाय, कॅलिपर आणि इतर साधने मिळून समितीच्या मदतीचा आकडा आज २० लाखांपुढे गेला आहे.

मुंबईच्या नर्तिका सुधा चंद्रन यांनी १९८१ च्या अपघातात उजवा पाय गमावला. जयपूर फूट बसवून त्या १९८४ मध्ये पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या. १९८६ चा ‘नाचे मयूरी’ त्यांच्याच आयुष्यावरचा, त्यांनीच भूमिका केलेला चित्रपट. महाराष्ट्रातल्या घराघरांत ‘जयपूर फूट’ हा शब्द पोचला, त्यात या चित्रपटाचा आणि गावोगावच्या शिबिरांचा वाटा मोठा आहे.

मानसन्मान सगळ्यांच्या वाट्याला सारखे आले नाहीत. १९८१ साली डॉ. सेठींना मॅगसेसे पुरस्कार आणि पद्मश्री मिळाली, २००८ मध्ये मेहतांना पद्मभूषण. तिघांत सर्वांत कमी बोलले गेले ते मास्टरजींबद्दल, आणि हे अन्यायाचे आहे. सेठींच्या ज्ञानाशिवाय हे पाऊल झाले नसते, तसे ते शर्मांच्या हातांशिवायही झाले नसते. जयपूर फूटविषयीचा शास्त्रीय निबंध १९७८ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापला गेला. त्यावर चार लेखकांची नावे आहेत: सेठी, उदावत, कासलीवाल हे तीन डॉक्टर, आणि चौथे नाव आर. चंद्र, म्हणजे चौथी शिकलेले मास्टरजी.